मध्येच आलेली माणसं

गोव्याच्या या फेरीत समुद्राकडे फिरकायचं नाही, हे निघतानाच ठरलं होतं. लेणी, देवळं, पडके मनोरे, कातळशिल्पं असे जुने दगड पाहायचे आणि त्यांचे फोटो काढायचे. त्यात माझी एक अट होती. समोरून माणसं आली तर त्यांना बाजूला व्हायला सांगायचं नाही आणि घरी येऊन संगणकावर त्यांना पुसायचंही नाही. जो आला तो आला.

आतेभावाला, म्हणजे दादाला, ही अट बिलकूल मान्य नव्हती. साखळीत त्याचा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, बारसं, चवथीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची सजावट) असं वर्षभर माणसांच्या गर्दीत काढून तो इतका विटलाय, की सुट्टीच्या दिवशी त्याला फ्रेममध्ये चिटपाखरूही नको असतं. पण गाडी त्याची, रस्ते त्याला माहीत आणि स्वयंपाक आत्याचा. त्यामुळे वाद घालत का होईना, जायचं दोघांनीच होतं.

शनिवार : हरवळे

कोल्हापूरहून बेळगाव, चोर्ला घाट, केरी करत दुपारी साखळी गाठली. नोव्हेंबरची अखेर होती, घाटात अजून हिरवळ टिकून होती. आत्याकडचं हुमण आणि भात जेवून आम्ही लगेच हरवळ्याच्या लेण्यांकडे निघालो. साखळीपासून ती हाकेच्या अंतरावर आहेत.

वेरूळ-अजिंठा पाहून आलेल्याला हरवळे फार साधं वाटतं. जांभ्यात कोरलेले चौकोनी खांब, मागे खोल्या आणि खोल्यांमध्ये शिवलिंगं. पांडव इथे राहून गेले असं गावात सांगतात. अभ्यासक ही लेणी साधारण सहाव्या शतकातली मानतात आणि एका लिंगावर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. जांभ्यात बारीक नक्षी धरत नाही, त्यामुळे डोळा अडकेल असं फारसं काही नाही. आणि म्हणूनच या लेण्यांचे फोटो फसवे असतात. वाइड लेन्स लावून जमिनीलगत बसून काढलेल्या फोटोत हे खांब राजवाड्याचे वाटतात. समोर येऊन उभं राहिलं की कळतं, अरे, हे तर ओसरीएवढं!

आम्ही पोहोचलो तेव्हा दोन खांबांमध्ये एक तरुण जोडपं सेल्फी काढत होतं. दादाने कॅमेरा पिशवीवर टेकवला आणि थोड्या थोड्या वेळाने फोटो घेत सुटला. युक्ती जुनी आहे. एकाच जागेवरून पंधरा-वीस फोटो घ्यायचे आणि संगणकाला सांगायचं, की प्रत्येक ठिपक्यासाठी सगळ्या फोटोंतली मधली किंमत उचल. चालता माणूस एका जागी निम्म्याहून कमी फोटोंत सापडतो, म्हणून तो उडतो. दगड सगळ्यांत असतो, म्हणून तो राहतो. फक्त त्यासाठी माणसांनी हलायला हवं, आणि हे दोघं हलायलाच तयार नव्हते. तिचे केस वाऱ्याने उडायचे, मग पुन्हा पहिल्यापासून.

मला डागेर आठवला, फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीचा फ्रेंच माणूस. १८३८ मध्ये त्याने पॅरिसमधल्या एका रस्त्याचा फोटो वरच्या खिडकीतून घेतला. एक्स्पोजर काही मिनिटांचं असल्यामुळे रस्त्यावरची गाडीघोडी, येणारे-जाणारे, सगळे हवेत विरून गेले. उरला एक जण. बुटांना पॉलिश करून घेत तो एका जागी उभा होता, म्हणून प्लेटवर उमटला. फोटोत आलेला बहुधा हाच पहिला माणूस. रिकामी फ्रेम ही काही आजच्या सॉफ्टवेअरची करामत नाही. सुरुवातीला कॅमेऱ्याला दुसरं काही जमतच नव्हतं.

“म्हणजे हे दोघं ऐतिहासिक आहेत तर,” दादा म्हणाला आणि पिशवी उचलून धबधब्याकडे चालायला लागला. मी त्या दोघांचा पाठमोरा फोटो घेतला. पोराची उंची खांबाच्या उंचीशी लगेच ताडून पाहता येते. फोटो सुंदर वगैरे नाही, पण हरवळे केवढं आहे ते त्यात खरं दिसतं.

रविवार : नार्वे, दिवाडी, जुनं गोवें

जुन्या गोव्याला रस्त्याने जाता येतं, पण आम्ही डिचोलीवरून नार्व्याला गेलो. तिथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने पलीकडे. वाटेत सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, कदंब राजांचं दैवत. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला आलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ उभारलं. नुकताच त्याचा जीर्णोद्धार झालाय, त्यामुळे रविवारी गर्दी होतीच. दादाने इथे कॅमेरा बाहेरच काढला नाही, नमस्कार केला आणि बाहेर येऊन उभा राहिला.

दुसरी फेरी जिथे लागते तिथून सरळ रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीतून वर जातो. वास्को द गामाच्या पणतूने, तो स्वतः व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही कमान बांधली. नदीच्या बाजूला वास्को द गामाचा पुतळा आहे. आज दिसते ती कमान १९५४ मध्ये पुन्हा उभारलेली. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय याच वाटेने शहरात शिरायचा.

दादाला इथे रिकामा फोटो हवा होता आणि तो मिळणं अशक्य होतं. फेरी लागली की कमानीतून स्कूटर, रिक्षा, माशांची टोपली मागे बांधलेली सायकल, गळ्यात कॅमेरे अडकवलेले परदेशी, सगळे एका लोंढ्यात निघतात. फेरी गेली की दहा मिनिटं शांत. दादा त्या दहा मिनिटांची वाट पाहत होता, मी फेरीची. माझं म्हणणं असं, की दरवाजाचा फोटो काढताना त्यातून कुणीच जात नसेल तर तो दरवाजा की भिंत, काय फरक पडतो? फेरी लागली. उन्हाचा कवडसा कमानीच्या पलीकडच्या तोंडाशी पडला होता. गुजरातेतलं एक मोठं कुटुंब सावलीतून त्या उजेडात शिरताना पुढच्या बाईने हात कपाळावर धरला, मागच्या पोरीनेही तसाच धरला. तेवढ्यात बटण दाबलं. या सहलीतला माझा सगळ्यात आवडता फोटो तो. दादालाही आवडला, पण त्याने ते संध्याकाळी, तेही आत्याजवळ, कबूल केलं.

बॉं जेझुस बासिलिकेच्या आवारात नोव्हेनाची गर्दी. सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त ३ डिसेंबरला असतं आणि त्याआधी नऊ दिवस प्रार्थना चालतात. बाहेर मेणबत्त्या, खाजें, चणे, प्लास्टिकची खेळणी. इथे पर्यटक कोण आणि भाविक कोण हे कॅमेऱ्याला कळत नाही. आपल्याला मात्र कळायला हवं. मेणबत्ती लावणाऱ्या, डोळे मिटलेल्या माणसाकडे मी लेन्स वळवत नाही. गोवा पर्यटन खात्याने २०२३ च्या जानेवारीत पर्यटकांसाठी सूचना काढली होती, त्यात अनोळखी माणसांचे, विशेषतः समुद्रात पोहणाऱ्या किंवा उन्हात पडलेल्यांचे, फोटो परवानगीवाचून घेऊ नका असं सांगितलं होतं. ती किनाऱ्यावरच्या आगाऊपणासाठी होती हे उघड आहे. पण मी स्वतःपुरती ती सगळीकडे लावते. चेहरा ओळखू येत असेल तर विचारायचं. नको म्हणाले तर त्यांच्यासमोरच फोटो उडवायचा, वाद नाही. बासिलिकेच्या जांभ्याच्या भिंतीसमोरून जाणाऱ्या एका बाईने तसं सांगितलं आणि मी उडवला. चांगला होता. असो.

मग वर टेकडीवर, सेंट ऑगस्टिनचा मनोरा. इथे मला सगळ्यात जास्त वेळ हवा होता.

१६०२ मध्ये पुरं झालेलं हे चर्च. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले आणि ते ओस पडलं. १८४२ मध्ये छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला, १९३८ मध्ये आणखी काही. उरलाय तो एकच मनोरा, ४६ मीटर उंच, उभा चिरल्यासारखा. त्याची घंटा पणजीच्या चर्चमध्ये आजही वाजते. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझला मारलं, तिचे अवशेष ऑगस्टिन पंथाच्या पाद्रींनी इथे आणले होते. उत्खननात ते सापडले, डीएनए तपासणीतून ओळख पटली आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले.

आता ४६ मीटर म्हणजे किती? आकड्याने काही कळत नाही. माझ्याएवढे अठ्ठावीस जण एकाच्या डोक्यावर एक उभे केले तर वर पोहोचतील, हा हिशेब मी तिथेच मोबाइलवर केला. फोटोत तो दाखवायचा तर मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी एक माणूस हवा. माणूस माझ्याजवळ असला तर तो मोठा दिसतो आणि मनोरा बुटका. म्हणून मी मागे, पडक्या भिंतींच्या पार टोकाला गेले आणि लांबची लेन्स लावली. लांबून घेतलं की माणूस आणि मनोरा यांच्यातलं प्रमाण बिघडत नाही. मग वाट पाहणं. पहिला आला तो पायथ्याशी न थांबता निघून गेला. नंतर कॉलेजच्या पोरांचा घोळका, पण त्यात मनोरा हरवला, सगळं लक्ष त्यांच्या रंगीत शर्टांकडे. मग एक एकटी बाई आली, राखाडी छत्रीवाली. तिने मान वर केली, छत्री मागे घेतली आणि तशीच उभी राहिली. त्या वाकलेल्या मानेवरून उंची जशी कळते तशी कुठल्याही मोजपट्टीने कळणार नाही.

दादा शेजारीच होता. “छत्री लाल असती तर?” म्हणाला. लाल छत्री घेऊन कुणालातरी मुद्दाम उभं करणं ही त्याच्या धंद्यातली पद्धत आहे, प्री-वेडिंगमध्ये तो तेच करतो. मला तेच नको होतं.

सोमवार : तांबडी सुर्ला

सकाळी लवकर वाळपईमार्गे निघालो. पोदेराकडून घेतलेले गरम पाव गाडीतच संपले. रस्ता जंगलातून जातो, भगवान महावीर अभयारण्यातून, आणि शेवटी पायी थोडं चाललं की झाडीतून एकदम देऊळ समोर येतं. बाराव्या-तेराव्या शतकातलं, कदंब-यादव काळातलं. पूर्वाभिमुख, मागेपुढे सह्याद्रीचा हिरवा पडदा, बाजूला नदी. गोव्यातली इतकी देवळं पाडली गेली, हे वाचलं ते आडबाजूला असल्यामुळे, असं सगळेच म्हणतात.

पूर्वेला डोंगर असल्यामुळे इथे ऊन उशिरा उतरतं. दगड काळपट आहे, त्यामुळे सावलीत फोटो काढला तर सगळी नक्षी चिखलात बुडाल्यासारखी दिसते. आम्ही ऊन येईपर्यंत आत बसलो. मंडपात शीर नसलेला नंदी, भोवती कोरीव खांब, एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती. छतावर कमळ.

हे देऊळ लहान आहे. मला वाटतं, तांबडी सुर्ल्याबद्दल कुणी नीट सांगत नाही ते हेच. कॅलेंडरावरच्या, रिकाम्या हिरवळीवरच्या फोटोत ते प्रचंड दिसतं आणि लोक येऊन “एवढंच?” म्हणतात. दोष देवळाचा नाही. माणूस काढून टाकला की दगडाला आकारच उरत नाही, तो डोंगराएवढाही वाटेल आणि पेटीएवढाही.

माणूस उभा करून माप दाखवायची रीत फार जुनी. माक्सिम द्यु काँ हा फ्रेंच माणूस १८४९-५० मध्ये इजिप्तची देवळं टिपत फिरला. तो आपल्या बोटीवरच्या हाजी इस्माईल नावाच्या खलाशाला पुतळ्यांवर, खांबांपाशी उभा करायचा. खलाशाने हलू नये म्हणून त्याला सांगून ठेवलं होतं, की कॅमेऱ्याची ती पितळी नळी म्हणजे तोफ आहे, हललास तर गोळा सुटेल. पुरातत्त्ववाले आज लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी ठेवतात, तेच काम. पण काठीला देऊळ दिसत नाही, आणि भीतीने ताठलेल्या खलाशालाही दिसलं नसणार.

ऊन उतरलं आणि नेमकी सांगलीकडची एक बस आली. पंचवीस-तीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. मी हिरवळीवर कॅमेरा लावून उभी. पुढच्या काकांनी मला पाहिलं आणि हात पसरून सगळ्यांना अडवलं. “थांबा, थांबा, मॅडम फोटो काढाय लागल्यात!” अख्खी बस बाजूला ओळीत उभी.

हे आपल्याकडे नेहमी होतं. मोठा कॅमेरा दिसला की माणसं अदबीने वाट सोडतात, आणि माझ्यासारखीची पंचाईत होते. “तुम्ही जावा की, मला तुम्हीच हवे आहात,” असं म्हटलं तर सगळे देवळाकडे पाठ करून, हात जोडून, कॅमेऱ्याकडे बघत उभे राहणार. मी कॅमेरा खाली घेतला, पाण्याची बाटली काढली आणि झाडांकडे बघत बसले. हळूहळू ओळ सुटली. चपला निघाल्या. एक नऊवारीतल्या आजी सगळ्यांच्या मागे राहिल्या होत्या. त्या आल्या, पायरीला हात लावून कपाळाला नेला आणि मंडपाच्या कडेला हात टेकून वर चढल्या. देवळाचं जोतं त्यांच्या कितपत वर येतं, खांब त्यांच्या किती वर जातो, हे सगळं त्या एका चढण्यात आलं. मी तीन-चार फोटो घेतले.

नंतर त्यांना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दाखवले. “पाठच दिसतीया की माझी!” म्हणाल्या. नातीने व्हॉट्सॲप नंबर दिला. मग आजींनी पुन्हा स्क्रीन जवळ ओढली आणि म्हणाल्या, “ह्यो ऱ्हाऊ दे. पण एक नुस्त्या देवळाचा बी पाठव. माझ्यामुळं नंदी झाकलाय.”

दादाला इतका आनंद मी फार दिवसांनी झालेला पाहिला. आजींसाठी नंदीचा, देवळाचा, शिखराचा असे रिकामे फोटो त्यानेच काढले आणि परतीच्या वाटेवर नेटवर्क मिळताच धाडले.

मंगळवार : फोंडा

आत्याला बाजारहाट होता, म्हणून सकाळी तिला घेऊन फोंड्याला. ती बाजारात, आम्ही सफा मशिदीत. अली आदिलशहाने १५६० मध्ये बांधलेली, बाजूला जांभ्याचा चौकोनी तलाव, त्याच्या आत कमानींची रांग. आम्ही तासभर होतो, एक कुत्रा सोडल्यास कुणी फिरकलं नाही. मी फोटो घेतले, रिकामेच. माझी अट माणसं घालण्याची नव्हतीच, न हाकलण्याची होती. पातळ भाजी-पाव आणि बन्स खाऊन घरी.

बुधवार : उसगाळीमळ, साळावली

साखळीहून सांगे तालुक्यात जायचं म्हणजे गोवा अर्धाअधिक उभा ओलांडणं. रिवणच्या पुढे कुशावती नदीच्या काठी जांभ्याचा उघडा कातळ आहे आणि त्यावर शंभराहून जास्त आकृत्या कोरलेल्या आहेत. बैल, हरणं, मोर, माणसं, पावलांचे ठसे आणि ते प्रसिद्ध गोल चक्रव्यूह. अभ्यासकांच्या नजरेत हे १९९३ मध्ये आलं. काळाबद्दल मतभेद आहेत, पण हजारो वर्षांपूर्वीचं, इतकं धरायला हरकत नाही.

इथे माझ्या सगळ्या गोष्टी उलट्या पडल्या. कातळ आडवा. त्यापुढे कुणी उभं राहून माप मिळत नाही, वर उभं राहिलं तर शिल्पावर पाय पडतो. दुपारच्या उन्हात रेषा दिसतच नाहीत, खोलगट कोरीव काम टिपायचं तर ऊन तिरपं हवं. आणि पर्यटक नाहीत! बुधवारी, भर दुपारी, तिथे आम्ही दोघं आणि राखणदार.

दादा म्हणाला, “मी उभा राहतो कडेला. माझी सावली पडेल चक्रावर.”

“तू पर्यटक नाहीस.”

“तू कोल्हापुरातून येऊन मला माझ्याच गोव्यात सांग, मी कोण ते.”

तेवढ्यात राखणदाराने बादलीतलं पाणी आणलं. चक्रव्यूहावर तांब्याने ओतलं, हाताने पसरवलं आणि मधल्या बिंदूपासून बाहेर बोटाने वाट दाखवायला लागला. ओला जांभा गडद झाला, चरांमधलं पाणी चमकलं आणि आतापर्यंत न दिसलेली रेषा न रेषा वर आली. त्याचा हात चक्राच्या अर्ध्यावर असताना मी विचारलं, “हाताचा फोटो काढला तर चालेल?” तो म्हणाला, “हाताक कितें जाता? काड.” मी घेतला. तो ना पर्यटक, ना मध्येच आलेला. पण तो आकार एका तळहाताच्या मानाने केवढा आहे, हे त्याच फोटोत कळतं. आता ही अट मोडली की पाळली, यावर गाडीत आमचं अर्धा तास चाललं.

परतताना साळावली धरण. तिथे कुर्डीचं महादेवाचं जुनं देऊळ आहे. धरणात जाणार होतं, म्हणून त्याचे दगड सुटे करून ते इथे आणून पुन्हा उभारलं. बागेत सहलीला आलेली कुटुंबं, पोरं धावतायत, आणि देवळाकडे वळणारा दहांत एखादा. त्या एखाद्याची वाट बघायला उजेड पुरला नाही.

रात्री फोटो निवडताना आत्याची शेजारीण आली. तिचं माहेर कुर्डीचं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या गावचं. आज ते पाण्याखाली असतं आणि मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती, देवळाच्या जागा उघड्या पडतात. तेव्हा जुने गावकरी तिथे परत जातात. आम्ही मेमध्ये जायचं ठरवतोय म्हटल्यावर ती म्हणाली, “मला न्या. आमच्या घराचं जोतं दाखवते. वर मी उभी राहीन, तिथेच माझा फोटो काढा. समोरून, चेहरा दिसेल असा.”

दादाने माझ्याकडे पाहिलं. “बोला मॅडम. ही येणारी की उभी केलेली?”

मी म्हटलं, गाडीत पुढची सीट तिला.